पहिले सात हजार

क्लेटनने नोव्हेंबरात आम्हा स्कूलबसच्या ड्रायव्हरांना
डेपोत जेवायच्या टेबलांशी बसवून पडद्यावर दोन रकाने दाखवले.
डावीकडे हप्ता मोठा, धास्ती छोटी.
उजवीकडे हप्ता एवढासा,
आणि खाली बारीक अक्षरांत: पहिले सात हजार डॉलर तुमचे.
'तुमचे' म्हणताना तो असा हसला
जणू देतोच आहे.

मी उजवीकडे खूण केली.
महिन्याला दोनशे चौऱ्याण्णव वाचत होते
आणि आम्ही दोघं तेव्हा धडधाकट होतो,
म्हणजे तपासून घेतलं नव्हतं.

ईरी शहरात राहणाऱ्याला हे बर्फावरून कळतं.
सरोवरावरून रात्रभर येऊन साचलेला
छातीइतका बर्फ तुम्ही फावड्याने ओढायचा,
कंबर धरायची, पुन्हा ओढायचा,
आणि त्याच्याही वर गेलाच, तर मग
कंपनीचं यंत्र दिवे लुकलुकवत येणार.
येतं ते. खोटं का बोलू?
ज्यांच्या दारात आलं, ते वाचले.

मार्चमध्ये व्हर्जिलच्या छातीत काहीतरी चमकलं.
मी म्हटलं, दाखवून ये.
त्याने आधी आकडा विचारला. मग म्हणाला, गॅस असेल.
कोपऱ्यावरच्या दुकानातून अकरा डॉलरच्या गोळ्या आणल्या.
त्यानंतर रात्री जाग आली की दिसायचं:
तो उताणा, डोळे छताकडे,
हात सदऱ्याखाली,
कुणी बंद दाराला कान लावून बसावं तसा.
मी झोपेचं सोंग घ्यायचे.
भाव दोघांनाही ठाऊक होता.

बर्निसने डावा रकाना घेतलेला.
वर्षभर तिला साधी शिंक आली नाही.
"पैसे पाण्यात गेले," म्हणते,
आणि शाळा सुटेपर्यंत रिकाम्या बसमध्ये
खुशाल घोरत पडते.

ऑक्टोबरात व्हर्जिल लुथरन चर्चच्या छपरावरून पडला.
कौलं बसवत होता.
घोटा दोन ठिकाणी, मनगट एका.
अँब्युलन्स, स्कॅन, खिळे, प्लास्टर.
तिसऱ्या दिवशी मी पाकिटाच्या पाठीवर बेरीज केली:
सात हजार केव्हाच मागे पडले होते.
त्याला सांगितलं.
गुंगीत, पाय टांगलेला, तो
लॉटरी लागल्यासारखा हसला.
मग नर्सला हाक मारून, लाजत:
"आलोच आहे तर... छातीचंही जरा बघता का?"

बघितलं. तारा लावल्या,
कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली.
गॅसच होता.

क्लेटन म्हणेल, बघा, वाचले की नाही पैसे?
वाचले.
पण मार्च ते ऑक्टोबरच्या त्या रात्री
मी कुठल्या रकान्यात मांडू?

पुढचे दोन महिने आमच्याकडे सुगी होती.
माझा गुडघा. जोसीच्या पाठीवरचा तीळ.
तीस वर्षं हातोड्याने बधिर केलेले व्हर्जिलचे कान.
जे जे म्हणून दुखत होतं, दुखेल असं वाटत होतं,
ते सगळं गाडीत घालून नेलं.
शेजारची विल्डा म्हणाली,
"नशीबवान आहात, वर्ष संपायच्या आत पडला."
यात टोमणा नव्हता. तिचा नवरा फेब्रुवारीत पडला होता,
आणि तिने उरलेलं वर्ष कुठलंच दुखणं काढलं नाही,
कारण सात हजार फेडून होईतो
डॉक्टरचं दारही नकोसं झालं होतं.

क्लेटन पुन्हा आला. रकाने तेच, डावीकडचा आकडा वाढलेला.
मी पुन्हा उजवीकडे खूण केली.
व्हर्जिल छपरावर चढेपर्यंत
दुसरं परवडणार कुठून?

एकतीस डिसेंबर. बाराला टीव्हीवर तो चमचमता गोळा उतरला,
लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या,
आणि कुठल्याशा कार्यालयात आमचा आकडा
जराही आवाज न करता शून्यावर गेला.
मी कोट चढवला, मिठाची पिशवी घेतली.
पायऱ्या पाच. प्रत्येकीवर मूठ मूठ,
कडेला जास्त, जिथे पन्हाळीचं पाणी गोठतं.
आतून कुबडीची टकटक आली.
"काय करतेस एवढ्या रात्री?"
"काही नाही," म्हटलं,
"तू खिडकीतूनच बघ."